पाण्यावरचे फोटो : कॅमेरा कोणता घ्यावा?

संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर गेलात, तर फोटो काढणारी माणसे तुम्हांला जागोजागी दिसतील. घरी जाऊन तेच फोटो पाहताना मात्र अनेकांची निराशा होते. मित्राचा चेहरा काळा पडलेला असतो. पाणी पांढरेफटक आलेले असते. दूरचा बगळा म्हणून जो टिपला, तो नुसता ठिपका असतो. "कॅमेराच बरा नाही," असे म्हणून सारा दोष कॅमेऱ्यावर ढकलला जातो. मग दुकानात जायचे, जास्त मेगापिक्सेलचा आणि जास्त किमतीचा कॅमेरा घ्यायचा, आणि पुन्हा रंकाळ्यावर यायचे. एवढे करूनही चेहरा काळाच येतो! असे का होत असावे?

याचे उत्तर कॅमेऱ्यात कमी आणि पाण्यात जास्त आहे. पाणी प्रकाशाशी कसे वागते, हे कळले की कोणता कॅमेरा हवा, हे बरेचसे आपोआप ठरते.

कोल्हापूरकरांना तर कॅमेरा नवा नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. बाबूराव पेंटर यांनी दामले यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास याच गावात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला. पुढे १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आला. त्यांनी कॅमेऱ्याचा एकेक भाग समजून घेतला आणि मग तो घडवला. आपल्याला कॅमेरा घडवायचा नाही, फक्त निवडायचा आहे. पण समजून घेण्याचे काम आपल्यालाही चुकत नाही.

पाणी : आरसा की काच?

प्रथम एक सोपा प्रयोग करा. परातीत पाणी भरा, तळाशी एक नाणे टाका आणि परात उघड्या खिडकीजवळ ठेवा. बरोबर वरून पाहिले तर नाणे स्वच्छ दिसेल. आता खिडकीसमोर उभे राहून नजर हळूहळू खाली आणा. नाणे अंधुक होत जाईल आणि त्याच्या जागी खिडकीतले आकाश चमकू लागेल. पाणी तेच, नाणे तेच. मग फरक कशाचा पडला? फक्त पाहण्याच्या कोनाचा.

पाण्यावर सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्केच प्रकाश परत फिरतो. बाकीचा पाण्यात शिरतो. म्हणजे तेव्हा पाणी काचेसारखे वागते. पण प्रकाश पृष्ठभागाशी अवघा ५ अंशांचा कोन करून तिरपा आला, तर निम्म्याहून अधिक प्रकाश परत फिरतो. तेव्हा पाणी आरसा होते. समजा, तुमचे डोळे पाण्याच्या पातळीपासून दीड मीटर उंच आहेत. अशा वेळी साधारण १७ मीटर दूरचे पाणी तुम्ही बरोबर ५ अंशांच्या कोनातून पाहत असता. म्हणून पायाजवळचे मासे दिसतात, आणि थोडे पलीकडे नुसते आकाश दिसते. हे कोणत्याही कॅमेऱ्याने बदलत नाही.

मात्र या चकाकीला एक गोष्ट काही प्रमाणात आवर घालू शकते. प्रकाशाच्या लाटा त्याच्या जाण्याच्या दिशेशी काटकोनात, सर्व बाजूंनी कंप पावत असतात. पाण्यावरून परत फिरलेल्या प्रकाशात मात्र आडवी कंपने जास्त असतात. यालाच प्रकाशाचे ध्रुवीकरण म्हणतात. आता खिडकीच्या उभ्या गजांमधून एक दोरी ओवून पलीकडे बांधली आहे, असे समजा. दोरी वरखाली हलवली तर लाट गजांतून पलीकडे जाईल. आडवी हलवली तर गजांवर आपटून थांबेल. ध्रुवीकरण करणारी गाळणी, म्हणजेच पोलरायझर, प्रकाशाच्या बाबतीत असेच काम करते. ती भिंगापुढे लावून योग्य त्या दिशेने फिरवली की आडवी कंपने अडतात, चकाकी मावळते आणि पाण्याखालचे दगड दिसू लागतात.

हा परिणाम सर्वांत जास्त कोठे मिळतो? स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ साली याचा नियम मांडला. पाण्यासाठी हा कोन उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंश येतो. गणित सोपे करून सांगायचे, तर डोळ्यांची पाण्यापासून जी उंची असेल, तिच्या सव्वापट ते दीडपटीच्या मध्ये, म्हणजे सुमारे ४/३ पट अंतरावरच्या पाण्यात ही जादू पूर्ण दिसते. घाटाच्या पायरीवर तुमचे डोळे पाण्यापासून ३ मीटर वर असतील, तर ४ मीटरवरचे पाणी पाहा. त्याहून दूर गाळणीचा परिणाम कमी कमी होत जातो.

पोलरॉइड गॉगल कोणाकडे असेल, तर तो फोनच्या भिंगापुढे धरून हळूहळू फिरवा. महागडी गाळणी विकत घेण्याआधी ती काय करते, हे पाहण्याचा हा फुकटचा मार्ग आहे.

चेहरा काळा का पडतो?

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक फार भोळा असतो. समोरचे दृश्य सरासरीने ना फार पांढरे, ना फार काळे, म्हणजे करड्या रंगाचे असणार, असे तो धरून चालतो. चमकणारे पाणी चौकटीत आले की त्याला वाटते, उजेड फारच झाला. तो प्रकाश कमी करतो. त्यामुळे पाणी करडे होते आणि त्यापुढे उभा असलेला तुमचा मित्र काळा होतो.

यावर उपाय दोन. पहिला उपाय कॅमेऱ्यातला आहे. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवले की बहुतेक फोन त्या जागेचा उजेड मोजतात. साध्या कॅमेऱ्यात अधिक-उणे असे चिन्ह असलेली सोय असते. तेथे 'अधिक १' केले की दुप्पट प्रकाश आत घेतला जातो. ही सोय नसलेला कॅमेरा पाण्यावरच्या कामासाठी घेऊ नये.

दुसरा उपाय घड्याळातला आहे. कोल्हापूर शहर रंकाळ्याच्या पूर्वेला आहे. शहराच्या बाजूच्या काठावर संध्याकाळी उभे राहिलात, तर मावळता सूर्य तुमच्या समोर येतो. आकाशाचे रंग सुंदर येतील, पण माणसे, होड्या, झाडे सारी काळी सावलीच राहतील. त्याच जागी सकाळी या. सूर्य पाठीमागे असेल आणि पाण्यावरची प्रत्येक वस्तू उजळलेली दिसेल. तलाव कसा आहे, हे दाखवायचे असेल तर सकाळ बरी. त्यासाठी एक पैसाही पडत नाही.

उडी मारणाऱ्या मुलाचा फोटो

उन्हाळ्यात पंचगंगेच्या घाटावर मुले पाण्यात उड्या मारतात. समजा, एका मुलाने ३ मीटर उंचीवरून उडी घेतली. पाण्याला टेकताना त्याचा वेग किती असेल? गुरुत्व त्वरणाचे सूत्र वापरून तुम्ही तो काढू शकाल. तो सेकंदाला सुमारे ७.७ मीटर येतो. कॅमेऱ्याची झडप १/६० सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्या वेळात मुलगा जवळजवळ १३ सेंटिमीटर खाली येईल. फोटोत त्याचे डोके कोठे आणि मान कोठे, हे कळणार नाही. झडप १/८०० सेकंदच उघडी राहिली, तर तो १ सेंटिमीटरभरच सरकेल आणि उडालेले पाण्याचे थेंबही वेगवेगळे दिसतील.

मग एवढ्या थोड्या वेळात पुरेसा प्रकाश मिळेल का? छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे. लख्ख उन्हात, आयएसओ १०० आणि भिंगाचे छिद्र एफ १६ असेल, तर झडपेचा वेळ सुमारे १/१०० सेकंद ठेवावा. एफचा आकडा १६, ११, ८, ५.६ असा उतरत गेला की दर पायरीला छिद्रातून दुप्पट प्रकाश येतो. म्हणजे एफ ५.६ ला आठपट प्रकाश मिळतो आणि वेळ आठव्या हिश्शावर, म्हणजे १/८०० सेकंदावर आणता येतो. जमले!

पण आता त्यावर पोलरायझर चढवला, तर? तो अर्ध्याहून अधिक, पुष्कळदा तीनचतुर्थांश प्रकाश खाऊन टाकतो. वेळ पुन्हा १/२०० सेकंदावर येतो आणि मुलगा पुन्हा पुसट होतो. आयएसओ ४०० केला तर वेळ परत मिळतो, पण फोटोत बारीक दाणे वाढू लागतात. एका हाताने घेतले की दुसऱ्या हाताने द्यावे लागते, असा हा व्यवहार आहे. म्हणून झडपेचा वेळ आणि आयएसओ स्वतः ठरवण्याची सोय ज्यात आहे, असा कॅमेरा पाहावा. होडीत बसून फोटो काढताना तर ती सोय हवीच, कारण तेथे तुम्हीही हलत असता. 'स्थिरीकरण' असलेला कॅमेरा तुमच्या हाताचा कंप कमी करतो. समोरच्या मुलाला किंवा पक्ष्याला तो थांबवू शकत नाही, हे लक्षात ठेवा.

दूरचा बगळा आणि मेगापिक्सेल

आता त्या ठिपक्याकडे वळू. गायबगळा साधारण ५० सेंटिमीटर लांबीचा असतो. तो ५० मीटर दूर बसला आहे, असे धरा. म्हणजे त्याच्या आकाराच्या शंभरपट अंतरावर तो आहे. अशा वेळी कॅमेऱ्याच्या आत त्याची प्रतिमा भिंगाच्या नाभीय अंतराच्या शंभराव्या हिश्शाएवढी पडते.

फोनच्या मुख्य भिंगाचे खरे नाभीय अंतर ६ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे बगळ्याची प्रतिमा फक्त ०.०६ मिलिमीटर! फोनच्या संवेदकावरचा एक पिक्सेल सुमारे ०.००१ मिलिमीटरचा धरला, तर अख्खा बगळा ६० पिक्सेलांत बसवावा लागतो. त्यात चोच कोठून दिसणार? याउलट ३०० मिलिमीटरच्या भिंगाने प्रतिमा ३ मिलिमीटर पडते. तेथे एक पिक्सेल ०.००४ मिलिमीटरचा असला, तरी बगळ्याच्या वाट्याला ७५० पिक्सेल येतात. आता पिसेसुद्धा मोजता येतील.

फोनच्या पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे केले, तर काय होते? बहुतेक वेळा तेच ६० पिक्सेल ताणले जातात. नवी माहिती येत नाही. म्हणून दुकानात "झूम किती?" एवढेच विचारू नका, "भिंगाचा झूम किती?" असे विचारा. पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील, तर भिंगाचा आकडा आधी आणि मेगापिक्सेलचा नंतर पाहायचा.

पाणी आत शिरू नये म्हणून

पाण्यात कॅमेरा नेण्याची हौस जुनी आहे. फ्रान्सच्या लुई बूताँ यांनी १८९३ साली कॅमेरा बंद पेटीत ठेवून समुद्राखाली फोटो काढले. पुढे पेटीशिवाय पाण्यात नेता येईल असा 'कॅलिप्सो' हा कॅमेरा फ्रान्समध्ये तयार झाला आणि १९६३ पासून तो 'निकोनॉस' या नावाने जपानी निकॉन कंपनीने विकला. आज साध्या फोनवरही पाण्यापासून संरक्षणाचा आकडा लिहिलेला असतो. तो वाचायला शिकले पाहिजे.

'आयपी ६७' यातील पहिला आकडा धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी असतो. दुसरा आकडा ४ असेल, तर उडालेले शिंतोडे सोसतील. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त. किती जास्त, ते बनवणारा सांगतो. पण ही परीक्षा नव्या वस्तूवर, स्वच्छ आणि संथ पाण्यात घेतलेली असते. रबराची पट्टी जुनी झाली, फोन एकदा पडला, किंवा पाण्याचा जोरदार फवारा बसला, तर तो आकडा कामाचा नाही. पाण्याचा दाब काय चीज आहे, ते पाहा. १५ सेंटिमीटर लांब व ७ सेंटिमीटर रुंद फोनच्या एका बाजूवर १ मीटर खोलीला पाणी सुमारे साडेदहा किलो वजनाएवढा जोर लावते.

साध्या कॅमेऱ्यासाठी बाजारात पाणबंद प्लास्टिकच्या पिशव्या मिळतात. पिशवी आणली की लगेच त्यात फोन घालू नका. आत कोरडा टिपकागद ठेवून ती तोंडापर्यंत बंद करा आणि बादलीतल्या पाण्यात अर्धा तास दाबून ठेवा. कागद कोरडा निघाला, तरच फोन घालावा.

पिशवी हातातून सुटली, तर बुडेल की तरंगेल? हे आर्किमिडीजला विचारू. फोनचे वजन २०० ग्रॅम आणि आकारमान सुमारे ८४ घनसेंटिमीटर धरा. तरंगण्यासाठी त्याने निदान २०० घनसेंटिमीटर पाणी बाजूला सारायला हवे. म्हणजे पिशवीचे वजन सोडले, तरी आत सुमारे ११६ घनसेंटिमीटर, साधारण एक कपभर हवा हवी. पिशवी चापून बंद केली की फोन तळाला गेलाच म्हणून समजा! तरंगणारा मनगटपट्टा म्हणूनच उपयोगी पडतो.

सहलीला मालवण-तारकर्लीकडे गेलात, तर आणखी एक काळजी घ्या. समुद्राचे पाणी वाळले की मीठ मागे राहते आणि ते धातू व रबर दोन्ही खराब करते. पाणबंद कॅमेरा असेल, तर तो गोड्या पाण्यात हलकेच बुडवून धुवावा. साधा असेल, तर ओलसर फडक्याने पुसावा.

पुराची नोंद

आतापर्यंत हौसेच्या फोटोंबद्दल बोललो. पण पाण्याचा फोटो कधी कधी हौसेपलीकडे उपयोगाचा असतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या पुढे गेली आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. बंधाऱ्यावरचा आकडा सरकारी नोंदीत राहतो. तुमच्या गल्लीत पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे मात्र दोन वर्षांनी दहा माणसे दहा प्रकारे सांगतात. भिंत, विजेचा खांब किंवा पायऱ्या स्पष्ट दिसणारा, तारीख-वेळ असलेला एक फोटो हा वाद मिटवतो. पाणी ओसरल्यावर त्याच भिंतीवर टेप लावून उंचीही मोजता येते. घर कोठे बांधावे, सामान किती उंचीवर ठेवावे, हे ठरवायला अशी नोंद उपयोगी पडते.

अशा फोटोसाठी पाणबंद कॅमेरा नको, दूरचे टिपणारा हवा. कारण पुराच्या पाण्यात एक पाऊलही टाकायचे नाही! गुडघाभर वेगवान पाणीही माणसाला ओढून नेऊ शकते आणि गढूळ पाण्याखाली उघडे गटार आहे की नाही, हे कळत नाही. गच्चीवरून, उंच जागेवरून, मोठ्यांना सांगूनच फोटो काढा. आकाश ढगाळ असते, म्हणून आयएसओ वाढवा आणि कॅमेरा कठड्यावर टेकवा.

मग निवड कशी करायची?

दुकानात जाण्याआधी वहीत पाच प्रश्नांची उत्तरे लिहा. मी कोठे उभा राहणार : काठावर, होडीत की पाण्यात? वस्तू किती दूर आहे? ती किती वेगाने हलते? सूर्य कोणत्या बाजूला असेल? कॅमेरा ओला होण्याचा संभव किती?

काठावरून तलाव, घाट, माणसे टिपायची असतील, तर घरातला फोन पुरेसा आहे. पक्ष्यांसाठी भिंगाचा लांब झूम असलेला कॅमेरा लागेल. तो जुना मिळाला तरी चालेल, मात्र भिंगाच्या आत बुरशीचे जाळे नाही ना, हे उजेडात धरून पाहा. पावसाळी हवेच्या आपल्या भागात ती फार लवकर धरते. होडीत किंवा पोहताना वापरायचा असेल, तर लहान पाणबंद कॅमेरा आणि तरंगता पट्टा घ्या. तीनही कामे उत्तम करणारा स्वस्त कॅमेरा कोणी दाखवला, तर वरचे पाच प्रश्न त्याला विचारून पाहा.

आता शाळेत करण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. रंकाळ्यातला दगडी संध्यामठ तुम्ही पाहिलाच असेल. तलाव भरला की तो पाण्यात जातो आणि पाणी उतरले की पुन्हा उघडा पडतो. काठावर एक जागा निश्चित करा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता, त्याच जागेवरून, त्याच कॅमेऱ्याने, झूम न बदलता त्याचा एक फोटो काढा. वर्षभराचे बारा फोटो ओळीने वर्गाच्या भिंतीवर लावा. पाणी कोणत्या महिन्यात सर्वांत खाली गेले? केंदाळ कधी वाढले, कधी कमी झाले? पाण्याचा रंग कधी हिरवट झाला? शिक्षकांच्या मदतीने दगडांच्या थरांची उंची मोजलीत, तर पाणी किती सेंटिमीटर चढले-उतरले, हेही काढता येईल. आपल्या गावी रंकाळा नसेल, तर विहीर, ओढा किंवा गावतळे चालेल. पहिला फोटो या रविवारी घ्या.